स्वतःचे आणि सर्वांचे : साने गुरुजींची पत्रकारिता

आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे एक भित्तिपत्रक निघते. दर महिन्याला मुले ते हाताने लिहून काढतात, आणि फलकावर लावण्यापूर्वी एखाद्या प्राध्यापकाने ते नजरेखालून घालावे असा प्रघात आहे. गेल्या वर्षी ते काम माझ्याकडे होते. द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीने शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर लेख दिला होता. लेखाची सुरुवात तिच्या घरापासूनच होती. थकबाकीची नोटीस घेऊन माणूस दारात आला, तेव्हा वडील मागच्या दाराने जाऊन गोठ्यात बसले आणि ते घरी नाहीत असे आईने सांगितले. पुढे व्याज, हमीभाव, पीकविमा असा क्रमाने विषय येत होता. अर्थशास्त्राचा शिक्षक या नात्याने मी तिला घरचा मजकूर काढून टाकावयास सांगितले. विषय सार्वजनिक आहे, त्यात खाजगी गोष्ट शोभत नाही, असे माझे म्हणणे. तिने निमूटपणे तो परिच्छेद गाळला. लेख फलकावर लागला, महिनाभर राहिला आणि उतरला. त्यावर कोणी दोन शब्द बोलल्याचे माझ्या कानावर आले नाही.

त्यानंतर काही दिवसांनी 'श्यामची आई' पुन्हा वाचण्याचा योग आला, आणि आपले काहीतरी चुकले आहे असे वाटू लागले. व्यक्तिगत लेखन आणि राजकीय लेखन यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न नियतकालिक चालविणाऱ्या प्रत्येकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच. केवळ आपल्याविषयी लिहावे तर ते आत्मकौतुक होते. केवळ देशाविषयी लिहावे तर ते सरकारी अहवालासारखे कोरडे होते. ज्यांनी हा प्रश्न आयुष्यभर हाताळला, आणि ज्यांना त्याची किंमतही मोजावी लागली, अशा मराठी संपादकांत साने गुरुजींचे नाव प्रथम घ्यावे लागेल. गुरुजींचे नाव काढले की मातृप्रेम आणि मुलांच्या गोष्टी एवढेच आपल्याला आठवते. परंतु हा माणूस शिक्षक असल्यापासून अखेरपर्यंत कोणते ना कोणते नियतकालिक चालवीत होता, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

वसतिगृहातील दैनिक

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात दापोलीजवळ पालगड येथे झाला. घराणे खोताचे, परंतु गुरुजींना कळू लागले तेव्हा पूर्वीचे वैभव ओसरले होते आणि कर्ज वाढत चालले होते. शिक्षणासाठी त्यांना दापोली, औंध, पुणे असे भटकावे लागले. आई यशोदाबाई १९१७ मध्ये गेल्या. अखेरच्या क्षणी आपण तिच्याजवळ नव्हतो, ही खंत त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. पुढे तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ते एम. ए. झाले आणि १९२४ मध्ये खानदेशात अंमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

या वसतिगृहात गुरुजींनी 'छात्रालय दैनिक' सुरू केले. छापखाना नाही, वर्गणी नाही, जाहिराती तर नाहीतच; एकाच माणसाने हाताने लिहून काढलेला मजकूर, आणि वाचक म्हणजे वसतिगृहातील मुले. त्यात जगातील आणि देशातील घडामोडी असत, थोर पुरुषांच्या कथा असत, आणि वसतिगृहातील लहानसहान प्रसंगही असत. कोणा मुलाच्या खोलीतील पसारा आणि देशाचे पारतंत्र्य हे विषय एकाच हस्ताक्षरात एकमेकांशेजारी येत. मुलांच्या खोल्या झाडणारा, त्यांचे कपडे धुऊन ठेवणारा जो शिक्षक त्यांना रोज दिसे, त्याच्याच हातचा तो मजकूर असे. त्यामुळे त्यातील देशभक्ती त्यांना परक्याने केलेल्या व्याख्यानासारखी वाटली नाही. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक काढले. वाचकवर्ग वाढला, पण वाचकाशी बोलण्याची रीत वसतिगृहातलीच राहिली.

येथेच गुरुजींच्या पत्रकारितेचा पाया घातला गेला असे मला वाटते. त्यांच्या मनातील वाचक म्हणजे नावाने ओळखता येणारा कोणीतरी एक. निनावी जनसमूह त्यांच्या डोळ्यांसमोर कधी नव्हता. पुढे वाचकांची संख्या हजारांत गेली तरी त्यांचे लेखन एका माणसाला उद्देशून लिहिल्यासारखेच राहिले.

तुरुंगातील दोन कामे

१९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली आणि तुरुंगवासाचे पर्व सुरू झाले. प्रथम धुळे आणि मग तामिळनाडूतील त्रिचनापल्ली येथे त्यांना ठेवण्यात आले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात वेगवेगळ्या भाषा बोलणारे राजबंदी होते. शेजारी बसलेल्या माणसाचे साहित्य आपल्याला ठाऊक नाही, याची त्यांना तेथे लाज वाटली, आणि 'कुरल' या तमिळ ग्रंथाला त्यांनी मराठीत आणले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी मांडलेली आंतरभारतीची कल्पना याच अनुभवातून निघाली. भाषांच्या प्रश्नावर त्यांनी पुढे जे लिहिले, त्याचे मूळ असे एका व्यक्तिगत संकोचात होते.

यानंतरच्या एका वर्षात त्यांनी तुरुंगात केलेली दोन कामे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबा भावे तेथेच होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी, अठरा आठवडे, विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि गुरुजींनी ती लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्याला मिळाले ते त्यामुळे. या कामात लेखणी गुरुजींची, पण त्यात गुरुजी कोठेही नाहीत. स्वतःला संपूर्ण बाजूला ठेवून दुसऱ्याचे म्हणणे टिपावयाचे, ही शिस्त त्यांना साधली होती. पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. ९ तारखेला सुरुवात केली आणि १३ तारखेला पुस्तक हातावेगळे झाले. येथे सारे काही स्वतःचे होते : आई, घर, गरिबी, अपमान. ज्याला स्वतःला वगळून लिहिता येते, त्यानेच स्वतःविषयी लिहावे, असा एक धडा या दोन कामांतून घेता येईल.

'श्यामची आई' १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यामुळे ही कथा घरोघर गेली, पण केवळ मातृप्रेमाची कथा म्हणून गेली. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने ती वेगळ्या दृष्टीने वाचून पाहावी. तीत एका कोकणी कुटुंबाच्या कर्जाचा इतिहास आहे. भाऊबंदकीतून झालेली वाटणी, उत्पन्नापेक्षा जुन्या इभ्रतीवर होणारा खर्च, न फिटणारे व्याज, वसुलीसाठी येणाऱ्या माणसाची दारातील भाषा आणि अखेर घरावर आलेली जप्तीची दवंडी, हे सर्व टप्पे त्या पुस्तकात आहेत. ग्रामीण कर्जबाजारीपणावर मी वर्गात कोष्टके मांडतो. व्याजाचा दर काय होता ते कोष्टकातून कळते. पण दवंडीचा आवाज ऐकून घरातील बाई काय करते, ते श्यामने सांगितल्याशिवाय कळत नाही. अस्पृश्य म्हातारीची लाकडाची मोळी उचलून देण्याचा प्रसंगही तसाच आहे. लहान मुलाची ती आठवण आहे, आणि चौदा वर्षांनंतरच्या पंढरपूरच्या लढ्याचे बीजही तेथेच आहे.

आपल्याच सरकारपुढे

गुरुजींच्या कोमलतेविषयी फार बोलले जाते. त्यांच्या राजकीय लेखनाची धार मात्र विसरली जाते. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्यासाठी त्यांनी खानदेशातील गावे पायांखाली घातली होती. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. १९३८ मध्ये गुरुजींनी अंमळनेरहून 'काँग्रेस' याच नावाचे साप्ताहिक सुरू केले.

पक्षाच्या नावाचे पत्र आणि पक्षाचेच सरकार. अशा वेळी संपादकाने काय करावे? त्या वर्षी पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके हातची गेली. शेतसारा माफ व्हावा म्हणून गुरुजी सभा आणि मोर्चे यांच्या आघाडीवर राहिले आणि तीच बाजू त्यांनी पत्रातून मांडली. गिरणी कामगारांच्या प्रश्नांतही ते असेच उतरले. ज्या सरकारकडे मागणी करावयाची ते आपलेच आहे, म्हणून त्यांनी आवाज खाली आणला नाही. पक्षाशी असलेले नाते आणि शेतकऱ्याशी असलेले नाते यांत दुसरे अधिक जवळचे आहे, एवढाच त्यांचा हिशेब होता. व्यक्तिगत जिव्हाळा माणसाला मऊ करतो, राजकारणात तो अडचणीचा ठरतो, असे म्हणणाऱ्यांनी हा काळ अवश्य अभ्यासावा. गुरुजींच्या बाबतीत जिव्हाळ्यानेच त्यांना पक्षाच्या सोयीपेक्षा कठोर व्हावयास लावले.

१९४२ च्या लढ्यात ते भूमिगत राहिले आणि पुढे पुन्हा तुरुंगात गेले. सुटल्यावर त्यांनी पंढरपूरचा प्रश्न हाती घेतला. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना बंद असताना येणाऱ्या स्वातंत्र्याला अर्थ काय, हा त्यांचा प्रश्न होता. काही महिने त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला. गावोगावच्या सभांतून विहिरी, पाणवठे आणि मंदिरे खुली झाली. १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. उपोषण सोडावे असा खुद्द गांधीजींचा निरोप आला, तरी गुरुजी ढळले नाहीत. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचा निर्णय झाला आणि उपोषण सुटले. लेखणी थांबते तेथे आपला देह पुढे करावयाचा, हाच त्यांचा मार्ग होता. व्यक्तिगत आणि राजकीय यांच्यातील अंतर तेथे उरलेच नाही. हे त्यांचे सामर्थ्य होते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे हाच त्यांच्या आयुष्यातील धोकाही होता.

'साधना' आणि सुधा

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. ती करणारा हात महाराष्ट्रातील होता, ही गोष्ट गुरुजींच्या जिव्हारी लागली. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी 'कर्तव्य' हे सायंदैनिक काही महिने चालविले आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. नव्या स्वातंत्र्यातील समाजवादाचा, जातिनिर्मूलनाचा आणि आंतरभारतीचा विचार मांडण्यासाठी हे पत्र होते. त्यातील पुष्कळसा मजकूर ते स्वतः लिहीत.

याच 'साधना'त त्यांनी आपल्या पुतणीला, सुधाला, लिहिलेली पत्रे छापली जाऊ लागली. 'सुंदर पत्रे' या नावाने ती पुढे पुस्तकरूपाने निघाली. पहिल्याने हा प्रकार विलक्षण वाटतो. देशापुढे निर्वासित, अन्नधान्य आणि महागाई यांचे प्रश्न उभे असताना एका राजकीय साप्ताहिकाने काकाची पुतणीला लिहिलेली पत्रे का छापावी? त्यांत पाऊस आहे, फुले आहेत, पाखरे आहेत, प्रवासात भेटलेली माणसे आहेत, वाचलेल्या पुस्तकांविषयी गप्पा आहेत. मात्र फुलाविषयी बोलता बोलता गुरुजी ते वेचणाऱ्या गरीब मुलाकडे वळतात, आणि प्रवासाविषयी सांगता सांगता देशातील भाषांकडे. सुधाला जे कळेल ते कोणत्याही वाचकाला कळेल, आणि सुधाशी ज्या प्रामाणिकपणे बोलावयाचे त्याच प्रामाणिकपणे देशाशी बोलावयाचे, ही त्यांची कसोटी होती. अग्रलेख लिहिताना संपादकाचा आवाज नकळत चढतो. शेजारच्या पानावर घरच्या मुलीला लिहिलेले पत्र असले म्हणजे तो फार चढू शकत नाही.

यात व्यवहाराचाही एक भाग आहे. मोठ्या वृत्तपत्राचा संसार जाहिरातींवर चालतो. वर्गणीदारांच्या आधाराने जगणाऱ्या लहान साप्ताहिकाचे भांडवल म्हणजे वाचकाचा विश्वास. बातमी त्याला अन्यत्रही मिळते. या माणसाचे पत्र आले पाहिजे असे ज्याला वाटते, तोच दर वर्षी वर्गणी पाठवितो. गुरुजींनी हा हिशेब करून पत्रे लिहिली असे मुळीच नाही. पण त्यांच्यामागे 'साधना' टिकली. आचार्य जावडेकर, रावसाहेब पटवर्धन, यदुनाथ थत्ते अशा संपादकांनी ती चालविली, आणि आजही ती पुण्याहून निघते. या टिकण्यात त्या प्रारंभीच्या विश्वासाचा वाटा निश्चित आहे.

गुरुजींच्या लेखनावर आक्षेप नाहीत असे नाही. ते अश्रूंनी भिजलेले आहे, अशी टीका समीक्षकांनी केली आहे, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. भावना उचंबळून आली की युक्तिवाद मागे पडतो, कारणमीमांसा राहून जाते. माझ्यासारख्या आकडेमोड करणाऱ्याला त्यांच्या आर्थिक लेखनात आकड्यांची उणीव जाणवते. परंतु केवळ आकड्यांनी भरलेले आणि कोणीही न वाचलेले लेख मीही पुष्कळ लिहिले आहेत. तेव्हा हा आक्षेप मी फार जोराने मांडू शकत नाही.

जे लिहिले गेले नाही

११ जून १९५० रोजी मुंबईत साने गुरुजींनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते. त्यांनी असे का केले, याचे उत्तर बाहेरच्या माणसाने देऊ नये. स्वातंत्र्यानंतरच्या निराशेचे कारण पुष्कळांनी सांगितले आहे. परंतु माणसाच्या मनातील अंधार एका कारणाने समजत नसतो. येथे नोंदवावयाचे ते एवढेच, की ज्यांनी आईविषयी, बालपणाविषयी, गरिबीविषयी मोकळेपणाने लिहिले, त्यांनी आपले ते दुःख 'साधना'च्या वाचकांपुढे मांडले नाही. त्यांचे व्यक्तिगत लेखन नेहमी दुसऱ्यासाठी असे. जी आठवण इतरांच्या उपयोगी पडेल ती त्यांनी दिली. ज्यात केवळ आपलीच वेदना होती, ती स्वतःजवळ ठेवली.

आत्मकौतुक आणि उपयुक्त आत्मकथन यांतील सीमारेषा त्यांनी अशी आखली होती, आणि लेखक म्हणून ती योग्यच होती. माणूस म्हणून मात्र ती त्यांना फार महाग पडली असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही. व्यक्तिगत गोष्ट सार्वजनिक जीवनात कशी न्यावी हे गुरुजींनी मराठी माणसाला शिकविले. पण सार्वजनिक दुःखाला घराच्या उंबरठ्याबाहेर थोडा वेळ थांबवून धरावे लागते, हे त्यांना जमले नाही. आणि आपणही त्यांना जमू दिले नाही. प्रत्येक पराभव त्यांनी आपल्या अंगावर घ्यावा, प्रत्येक अन्यायासाठी त्यांनीच उपाशी राहावे, अशी आपली अपेक्षा असे. जो सर्वांचे ऐकून घेतो त्याचे कोणी ऐकते की नाही, हे त्याच्या चाहत्यांनी विचारावयाचे असते. आजही आपल्या आसपास असे शिक्षक आणि कार्यकर्ते आहेत. त्यांच्या पुण्यतिथीची वाट न पाहता हा प्रश्न त्यांना विचारला पाहिजे.

आता पुन्हा त्या भित्तिपत्रकाकडे. मी त्या मुलीला घरचा परिच्छेद गाळावयास सांगितले, तेव्हा तो खाजगी आहे असे कारण दिले होते. ते कारण खोटे होते. गोठ्यात जाऊन बसलेला बाप एकट्या तिचा नव्हता. आमच्या वर्गातील निदान दहा मुलांनी तो आपापल्या घरी पाहिला असेल. तो परिच्छेद राहिला असता, तर त्या दहा जणांनी पुढचा व्याजाचा आणि हमीभावाचा भागही वाचला असता. विचारावयाचा खरा प्रश्न निराळाच होता : हे फलकावर लागले तर वडिलांना चालेल काय? श्यामने आईविषयी लिहिले ते आई गेल्यानंतर. या मुलीचे वडील आहेत, आणि त्यांच्या लाजेवर पहिला हक्क त्यांचा आहे. तो प्रश्न मी विचारला नाही. सोपा मार्ग घेऊन कात्री चालविली.

ती विद्यार्थिनी आता तृतीय वर्षात आहे. गेल्या आठवड्यात मी तिला बोलावून माझी चूक सांगितली आणि मूळ लेखाची वही तिच्याजवळ आहे काय, असे विचारले. वही आहे, असे ती म्हणाली. वडिलांना वाचून दाखवून मग आणते, असेही म्हणाली. मी वाट पाहत आहे.